जागल

आमच्या भागात शेतातल्या मुक्कामाच्या जागेला आखाडा म्हणतात. कुस्तीचा नव्हे, बैलं बांधायची, कडबा रचायचा अन् रात्री अंग टाकायचं ठिकाण. आज्याच्या उमेदीत रब्बीचा जोंधळा निसवला की घरातला एक गडी खळं होईस्तोवर आखाड्यावरच. चार मेढी रोवून माळा, त्यावर कडबा, घोंगडं, उशाला गोफण. दिवसा पाखरं, रात्री रानडुकरं. डुकरासाठी पत्र्याचा डबा बडवायचा अन् घसा फुटेस्तोवर हाकारे घालायचे. ही जागल. "रानात झोपायला गेलता का?" असं कुणी विचारलं की आजा चिडायचा. झोपायला कोण जातंय!

'कॅम्प' हा शब्द त्याला ठाऊक होता, पण वेगळ्या अर्थानं. निजामाविरुद्धच्या लढ्यात सरहद्दीबाहेर सैनिकांचे कॅम्प होते. पैनगंगेपलीकडं वऱ्हाडातलं उमरखेड त्यातलंच. रझाकारांच्या धाकानं तेव्हा माणसं बायकापोरांसकट रानात रात्र काढत. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झालं. धाक गेला, जागल राहिली.

वडिलांच्या वेळी तिचं कारण बदललं. जायकवाडीची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी केली, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं, अन् डाव्या कालव्यानं पाणी पाथरी-परभणीकडं आलं. मग विहिरींवर मोटारी आल्या. मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट मात्र बऱ्याचदा रात्रीची. हातात बॅटरी, खांद्यावर खोरं, गुडघाभर काळ्या चिखलात दारं धरायची. शेजारच्या शिवारातला एक गडी ओल्या हातानं पेटी उघडताना गेला. तेव्हापासून वडील रानातून येईस्तोवर माय कवाड लावत नसे.

माझ्या पोरानं मोटारीला सिमकार्डाचा स्टार्टर बसवला. घरून फोन लावला की मोटार चालू. वडिलांना तो पटला नाही. "मोटार चालू झाली हे मोबाईल सांगतंय. पाणी कुठं फुटलं हे कोण सांगणार?" बोलणं खरं आहे, दांड कितीदा तरी फुटतो. पण मायचं उघडं कवाड मी पाहिलंय, म्हणून मी पोराच्या बाजूनं.

मागच्या हिवाळ्यात पोरगा मित्रांबरोबर भंडारदऱ्याला तंबूत राहून आला. पैसे मोजून. वडील दोन दिवस तेच विचारत होते.

"पैशे देऊन जागल?"

"जागल नाही आबा. तिथं राखायचं काहीच नसतं."

"मंग गेलता काहून?"

"त्याच्यासाठीच गेलतो."

वडील गप्प झाले. राखायचं काहीच नाही अशी रात्र त्यांच्या पिढीला रानात कधी मिळालीच नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

जोंधळा आता चाऱ्यापुरता. बाकी सोयाबीन, हरभरा. माळ्याच्या मेढी चुलीत गेल्या. डुकरं अन् रोही मात्र आहेत. पोरानं आखाड्यावर बॅटरीचा भोंगा टांगलाय. ठरल्या वेळानं तो कुत्र्याचं भुंकणं अन् माणसाचा हाकारा वाजवतो. हाकारा वडिलांचाच, एका सांजेला मोबाईलमध्ये भरून घेतलेला. वारं गावाकडचं असलं की तो घरापर्यंत येतो. वडील खाटेवर पडून ऐकतात अन् पुटपुटतात, "आता वढ्याच्या अंगानं वरडाया पाहिजे व्हतं."