शेवटचं मोठं इंजिन

गाड्यांचं वेड असलेल्या माझ्या वयाच्या मुलांमध्ये सध्या एक वाक्य फार ऐकू येतं : "आत्ता घेतली नाही, तर परत मिळणार नाही." २०२५ साली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय भारतात आली, तेव्हा पहिल्या १५० गाड्या किंमत जाहीर होण्याआधीच बुक झाल्या. ते इंजिन अवघं दोन लिटरचं, पण आज तेही मोठं वाटतं. २०१६ साली आलेली पाच लिटर व्ही-८ची फोर्ड मस्टँग आता नवी मिळत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये ठरवलं, की २०३५ पासून नव्या गाड्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडता कामा नये. पुढे हा नियम सैल करण्याच्या हालचाली सुरू झाल्या, पण वारं कुठल्या दिशेला वाहतंय ते सगळ्यांना कळलं आहे.

मीही सहा सिलिंडरची एक जुनी जर्मन गाडी बघून ठेवली आहे. पैसे जवळपास जमले आहेत. माझं गाव जव्हारजवळ आहे, त्यामुळे ही गाडी कुठे नेणार हा प्रश्न घरचे विचारतातच. मला मात्र त्याआधीचा एक प्रश्न छळतो : मोठी इंजिनं याआधीही कधी संपली होती का? तेव्हा ती कुणी घेतली?

तर, संपली होती. एकदा नव्हे, तीन-चारदा. आणि दर वेळी कारण वेगळं होतं.

पहिली गोष्ट इंदूरची. होळकर घराणं मूळचं महाराष्ट्रातलं. १९२६ साली गादीवर आलेल्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांना आधुनिक कलेइतकीच गाड्यांचीही आवड होती. माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसिअस या जर्मन वास्तुविशारदाकडून बांधून घेतला. १९३०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी अमेरिकेतून ड्यूसेनबर्ग एसजे या गाडीची चासी मागवली आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर बॉडी चढवून घेतली. रंग केशरी आणि काळा. इंजिन आठ सिलिंडरचं, एका ओळीतलं, ६.९ लिटरचं. सुपरचार्जरसह ३२० अश्वशक्ती, असा कंपनीचा दावा होता.

ही गाडी बनली तेव्हा ड्यूसेनबर्ग शेवटच्या घटका मोजत होती. मॉडेल जे बाजारात आलं १९२८च्या अखेरीस. पुढच्या वर्षी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि नुसत्या चासीसाठी साडेआठ हजार डॉलर मोजणारी गिऱ्हाइकं आटली. १९३७ साली कंपनीचा कारभार आटोपला. तंत्रज्ञान जुनं झालं नव्हतं, ते परवडणारी माणसं संपली होती. मधल्या काळात इंजिनं किती सुधारली याचा हिशेब सोपा आहे : होळकरांच्या गाडीत लिटरमागे सुमारे ४६ अश्वशक्ती निघत होती, जीटीआयमध्ये १२० च्या वर निघते.

दुसऱ्यांदा मोठं इंजिन संपलं ते स्वातंत्र्यानंतर. संस्थानं विलीन झाली आणि परदेशी गाड्यांच्या आयातीवर निर्बंध आले. १९४८ साली जव्हार संस्थानही मुंबई प्रांतात आलं आणि ठाणे जिल्ह्याचा भाग झालं. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात नोकरी केलेले यशवंतराव मुकणे हे जव्हारचे शेवटचे राजे. देशातल्या मध्यमवर्गाच्या वाट्याला आली दीड लिटरची अ‍ॅम्बॅसॅडर आणि १.१ लिटरची फियाट, तीही नंबर लावून.

आमच्या भागात मात्र मोठं इंजिन याच काळानंतर आलं, आणि ते शौकाचं नव्हतं. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली. २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, अश्वशक्ती फक्त ६०. पुढे फ्रेंच पेजोच्या परवान्याने डिझेल इंजिन आलं, त्यानंतर अडीच लिटरचं, नेमकं सांगायचं तर २५२३ सीसीचं. महिंद्राचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला, म्हणजे मोखाड्याहून काही फार लांब नाही. जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या याच इंजिनांवर चालल्या. नऊ जणांचा परवाना, आत वीस माणसं, टपावर पोती आणि मागच्या फळीवर लोंबकळणारी दोन पोरं. माझ्या काकाने अशी जीप पंधरा वर्षं चालवली.

ड्यूसेनबर्ग आणि काकाची जीप, दोन्ही मोठ्या इंजिनाच्याच. पण एकीचं मोठेपण वेगासाठी होतं, दुसरीचं ओझ्यासाठी. टर्बो नसलेलं डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत ताकद द्यायची, तर सिलिंडर मोठेच लागतात. एका वेळी जितकी हवा आत जाईल तितकंच डिझेल धडपणे जळतं. तोरंगणच्या घाटात वीस माणसं घेऊन चढताना काका दुसऱ्या गिअरच्या वर जायचा नाही आणि त्याला त्याची गरजही नव्हती.

हे इंजिनही गेलं, आणि ते घालवलं कराने. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. अट अशी, की पेट्रोल इंजिन १२०० आणि डिझेल १५०० सीसीच्या आत हवं. २०१६ साली महिंद्राने बोलेरो पॉवर प्लस आणली : लांबी चार मीटरच्या आत, इंजिन १४९३ सीसी. टर्बोमुळे ताकद कमी झाली नाही, उलट थोडी वाढली. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या वायूने पंखा फिरवायचा आणि त्या पंख्याने जास्तीची हवा सिलिंडरमध्ये कोंबायची, की लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि उरलीसुरली जुनी इंजिनं बाद झाली.

यातल्या कुठल्याच जीपसाठी "आत्ता घेतली नाही, तर परत मिळणार नाही" असं कुणी म्हटलं नाही. होळकरांची ड्यूसेनबर्ग आजही चकचकीत ठेवलेली आहे. काकाची जीप भंगारात गेली. इतिहास जपला जातो तो बहुधा शौकाचा. ओझं वाहणाऱ्याचा किलोवर विकला जातो.

तरी ओझं वाहणाऱ्या इंजिनाचाच इतिहास मला मोठा वाटतो. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा हा भाग सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला. दवाखाना दूर आणि तिथवर पोचवणारं वाहन नाही, हे त्या दुखण्याचं एक अंग होतं. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, रस्ते बरेच सुधारले. पण ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातल्या मर्कटवाडीत वेळेआधी जन्मलेली जुळी बाळं गेली. पाड्यापर्यंत रस्ता नव्हता. बाळंतिणीला झोळीतून सुमारे तीन किलोमीटर पायी न्यावं लागलं.

मोठं इंजिन संपतंय असं आपण म्हणतो तेव्हा ते एकदा सगळीकडे पोचलं होतं, असं गृहीत धरतो. होळकरांच्या ६.९ लिटरपासून बॅटरीच्या गाडीपर्यंत अख्खं युग उलटलं, आणि काही पाड्यांवर त्या युगातलं एकही इंजिन चढलेलं नाही. तिथे सिलिंडर लहान की मोठा हा वादच नाही, शेवटचे तीन किलोमीटर बाकी आहेत.

याचा अर्थ मी गाडी घेऊ नये असा होतो का? माझ्या पैशांनी मर्कटवाडीचा रस्ता होणार नाही. ते काम सरकारचं आहे, आणि माझा त्याग दाखवून ते कुणाला टाळता येऊ नये. सहा सिलिंडरचा एकसंध आवाज मला मनापासून आवडतो, आणि ती गाडी मी बहुतेक घेईन. फक्त आपण इतिहास वाचवतोय, अशी बढाई मारणार नाही. तो वाचवायचाच असेल, तर पावसाळ्यानंतर गावी जाऊन काकासारख्या जुन्या ड्रायव्हरांना बोलतं करावं लागेल : कुठल्या पाड्यापर्यंत जीप जायची, कुठून पुढे झोळी लागायची, रात्री-अपरात्री कोण हाक मारायला यायचं. ती माणसं आता साठी-सत्तरीची आहेत. आत्ता विचारलं नाही, तर परत मिळणार नाही, असं खरं तर हे आहे.