फाळक्यांचा वाटाणा आणि तुमचा राक्षस

समजा, ईटच्या एखाद्या बांधावर तुम्ही मोबाईलवर फिल्म शूट करताय आणि त्यात कॉम्प्युटरवर बनवलेला राक्षस उभा करायचाय. राक्षस झकास बनतो, पण फुटेजमध्ये टाकला की वरून चिकटवल्यासारखा दिसतो. हे दुखणं शंभर वर्षांहून जुनं आहे.

दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली लंडनहून कॅमेरा आणला. सिनेमाला पैसा लावणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी वाटाण्याचं रोप थोडं थोडं करून अनेक दिवस टिपलं. पडद्यावर ते झरझर वाढलं! 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ आला. मग 1915 च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचल्या : काडी सरकवा, फ्रेम घ्या, पुन्हा सरकवा. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

त्या काळी दोन चित्रं एकत्र आणायची, तर फ्रेमचा एक भाग काळ्या कागदाने झाकून शूट करायचं, फिल्म मागे गुंडाळायची आणि उरलेला भाग टिपायचा. कॅमेरा जरासा हलला की सगळं वाया. आणि ते कळायचं फिल्म धुतल्यावरच!

आज ब्लेंडर फुकट मिळतं, पण नियम तेच. राक्षसावरचा उजेड खऱ्या उन्हाच्याच बाजूने यावा, पायाखाली सावली पडावी, कॅमेरा हलला तर त्याच हिशोबाने तोही सरकावा. म्हणून शूटच्या वेळीच वहीत लिहा : किती वाजले होते, ऊन कुठल्या बाजूला होतं, कॅमेरा किती उंचीवर होता. घरी आल्यावर ऊन परत आणता येत नाही.