मानेच्या धमनीतून रक्तस्राव : थोडं रक्त येऊन थांबलं तरी दवाखाना गाठा

तोंड, घसा किंवा स्वरयंत्राच्या कॅन्सरवर ऑपरेशन आणि रेडिएशन झालेल्या काही रुग्णांमध्ये मानेतली मोठी धमनी, म्हणजे कॅरोटिड किंवा तिची फांदी, फुटू शकते. डॉक्टर याला ‘कॅरोटिड ब्लोआउट’ म्हणतात. मानेच्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण 3 ते 5 टक्के रुग्णांत हे घडतं. प्रमाण कमी असलं तरी हाताशी वेळ फार थोडा असतो.

रेडिएशनमुळे धमनीची भिंत कमकुवत होते. ऑपरेशनमध्ये तिच्यावरचं मांसाचं आवरण कमी झालेलं असतं. त्यात जखमेत पू झाला, लाळ झिरपू लागली किंवा गाठ परत आली की धोका वाढतो. दुसऱ्यांदा रेडिएशन घेतलेल्यांनी जास्त जपावं.

घरच्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. मोठ्या रक्तस्रावाच्या काही तास किंवा काही दिवस आधी बऱ्याचदा छोटा रक्तस्राव होतो. तोंडातून, जखमेतून किंवा गळ्यातल्या नळीतून ताजं लाल रक्त येतं आणि आपोआप थांबतं. ‘थांबलं ना, सकाळी बघू’ असं आपण म्हणतो आणि चूक इथेच होते. तो इशारा असतो. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्यावं. जखमेत धमनी उघडी दिसली तर रक्त नसतानाही लगेच न्यावं.

जोरात रक्त आलं तर बाहेरच्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि सारखं उचलून पाहू नका. मानेच्या दोन्ही बाजू एकदम दाबू नका. रक्त तोंडातून येत असेल तर रुग्णाला पुढे वाकवून बसवा, शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. पाणी पाजू नका. दुसऱ्याने 108 ला फोन करावा.

रुग्णालयात आधी श्वासनलिका सुरक्षित करतात, जखम दाबून भरतात, रक्त चढवतात. मग जांघेतून किंवा हातातून बारीक नळी धमनीत नेऊन आवरण असलेला स्टेंट बसवतात किंवा कॉइल टाकून ती धमनी बंद करतात. धमनी बंद केली तर पक्षाघाताची भीती असते. म्हणून वेळ असेल तर आधी फुगा फुगवून मेंदू ते सोसतो का, हे पाहतात. स्टेंटमध्ये मेंदूचा पुरवठा चालू राहतो, पण जखमेत पू असेल तर तो टिकेलच असं नाही.

आजार शेवटच्या टप्प्यात असेल तर हे सगळं करायचं की नाही, हे रुग्णाशी आणि डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवावं. बोलणं जड जातं, पण ऐनवेळी ठरवणं त्याहून अवघड. उपचार नको असं ठरलं तर गुंगीचं इंजेक्शन कोण देणार, ते विचारून ठेवा. गडद रंगाचे टॉवेल जवळ असू द्यावेत, पांढऱ्या कापडावर रक्त पाहून रुग्ण जास्त घाबरतो. एकाने हात धरून शेजारी बसावं. मुलांना दुसऱ्या खोलीत न्यावं. रात्री कुणाला फोन करायचा, तो नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.