वाल्पारईची बस

वर्षावनातले प्राणी पाहायचे म्हटले की जीप, गाइड आणि रिसॉर्टचे न परवडणारे भाडे डोळ्यांसमोर येते. तामिळनाडूतल्या पोल्लाची गावात मात्र वाल्पारईची पाटी लावलेली साधी सरकारी बस मिळते आणि 64 किलोमीटरवरच्या अण्णामलई डोंगरातल्या सदाहरित जंगलापाशी ती आपल्याला नेऊन सोडते. मुंबईहून रेल्वेने कोइम्बतूर, तिथून बसने पोल्लाची, आणि पुढे ही दुसरी बस. माझ्यासारख्या पेन्शनीतल्या माणसालाही झेपेल असा प्रवास आहे. फक्त खिडकीची जागा सोडू नये.

आळियार धरण मागे पडले की घाट लागतो. एकूण 40 हेअरपिन वळणे, प्रत्येकावर क्रमांकाची पाटी. नवव्या वळणावरच्या कड्याला रस्ता बांधणाऱ्या लोम नावाच्या इंग्रज अभियंत्याचे नाव आहे. तिथल्या खडकांवर निलगिरी ताहर, म्हणजे दक्षिणेतली रानबकरी, बरेचदा निवांत उभी दिसते. वर गेले की हवा बदलते, धुके येते, आणि मग एकाएकी जंगल संपून चहाचे मळे सुरू होतात.

इथे माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. एवढ्या अवघड डोंगरात बस जातेच कशी? आपल्यासारख्या हौशी प्रवाशांसाठी तर हा रस्ता कोणी खोदला नव्हता. या पठारावर एकोणिसाव्या शतकात कॉफी लावून पाहिली गेली, पण तिने फारसा हात दिला नाही. 1890 च्या दशकात कार्व्हर मार्श आणि त्याच्यासारखे इंग्रज मळेवाले आले, आणि पुढच्या सुमारे 50 वर्षांत पठारावरचे बहुतेक अरण्य तोडून तिथे प्रामुख्याने चहा लावण्यात आला. चहा खाली न्यायला आणि तांदूळ वर आणायला रस्ता हवा होता. मार्शचा पुतळा आजही घाटरस्त्यावर आहे.

ज्यांनी ती झाडे तोडली आणि चहा खुडला, त्यांचा पुतळा मला दिसला नाही. तामिळ मुलखातल्या कोरडवाहू खेड्यांतून मुकादमांनी उचल देऊन आणलेली ही माणसे होती. हिवताप, पाऊस आणि कधी न फिटणारे कर्ज यांत कित्येक जण तिथेच संपले. या मळ्यांवर डॉक्टर म्हणून काम केलेल्या पी. एच. डॅनियल यांनी ते सारे ‘रेड टी’ या कादंबरीत लिहिले. ती 1969 साली आली. बाला यांचा 2013 चा ‘परदेशी’ हा तामिळ चित्रपट तिच्यावरच आधारलेला आहे. इथे जाण्याआधी तो जरूर पाहावा, असे मी सुचवीन.

आता प्राण्यांकडे वळू. वाल्पारईजवळ पुदुतोट्टम नावाचा मळा आहे. तिथे रस्त्याच्या कडेला सिंहपुच्छ माकडे दिसतात. काळे अंग, तोंडाभोवती राखाडी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला गोंडा. जगात हे माकड फक्त पश्चिम घाटात आहे. आपल्याला सर्वांत जवळचे म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातले. खरे तर हा प्राणी उंच झाडांच्या शेंड्यांवर राहणारा, जमिनीवर क्वचितच उतरणारा. अखंड जंगलात दिवसभर मान वर करून फिरलात तरी नजरेला पडेल याची खात्री नाही. इथे तो बसच्या तिकिटात दिसतो, कारण त्याच्या वाट्याला जंगलाचा एक तुकडा तेवढा उरला आहे. एका झाडाची फांदी दुसऱ्याला टेकत नाही, म्हणून तो खाली उतरतो, रस्ता ओलांडतो, कधी गाडीखाली सापडतो. पर्यटकांनी फेकलेली केळी आणि चिप्स त्याला रस्त्यावरच रोखून धरतात. तेवढे आपण करू नये.

म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन इथे अनेक वर्षे काम करीत आहेत. हे तुकडे मळ्यांच्या हद्दीत असल्याने कंपन्यांशी बोलून, रोपवाटिकेत मूळच्या रानझाडांची रोपे वाढवून, उजाड झालेल्या तुकड्यांत ती लावली जातात. रस्त्यावर या झाडावरून त्या झाडावर माकडांसाठी झुलते पूलही बांधलेले आहेत. वानरसेनेने बांधलेल्या सेतूची गोष्ट आपण लहानपणी ऐकली. इथे माणसांनी माकडांसाठी सेतू बांधला.

हत्तींचे प्रकरण याहून गंभीर. दिवसा ते जंगलाच्या तुकड्यांत थांबतात आणि अंधार पडला की मळ्यांतून हिंडतात. संध्याकाळी बसमधून उतरून घराकडे चालणाऱ्या मजुराला पुढच्या वळणावर हत्ती आहे हे ठाऊक नसे, आणि अशाच अजाणता झालेल्या गाठीत बहुतेक बळी गेले. म्हणून हत्ती कुठे आहेत ते मोबाइलवर कळवण्याची सोय झाली, मोक्याच्या जागी लाल दिवे लागले आणि पुढे काही बसगाड्यांत ध्वनिसूचनाही आली. मी होतो त्या बसमध्ये ती तामिळमध्ये झाली. मला अक्षर कळले नाही. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहून हाताची सोंड करून दाखवली. त्यांचा थांबा आला, पण त्या उतरल्या नाहीत, पुढच्या वस्तीपर्यंत बसून राहिल्या.