धारूर आणि घटना समितीतल्या रिकाम्या जागा

भारताची घटना तयार होत होती तेव्हा बीड जिल्ह्यातले धारूर निजामाच्या राज्यात होते, आणि या गोष्टीला मोठा अर्थ आहे. ९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत घटना समितीची पहिली बैठक भरली, तेव्हा बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि धारूरकरांच्या वतीने त्या सभागृहात शेवटपर्यंत कोणीच बोलले नाही. साधारण दहा लाख लोकांमागे एक सदस्य या सूत्राने दीड कोटीहून मोठ्या या संस्थानाला पंधरा-सोळा जागा मिळाल्या असत्या. निजामाने घटना समितीत सामील व्हायचे टाळले. सप्टेंबर १९४८ मध्ये भारताने हैदराबादवर केलेल्या पोलीस कारवाईनंतरही प्रतिनिधी गेले नाहीत. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा जुलूम सोसलेल्या माणसांना मूलभूत हक्कांच्या चर्चेत जागा मिळू नये, हा अन्यायच होता.

घटनेला हैदराबादची मान्यता आली ती फर्मानाने. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारताची घटना हैदराबादसाठी स्वीकारली.

२६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद 'ब' वर्गाचे राज्य झाले. तिथे राज्यपालाऐवजी राजप्रमुख, आणि ते पद पुन्हा निजामाकडेच! मुख्यमंत्री एम. के. वेल्लोडी हे नेमलेले सनदी अधिकारी होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, १९५२ मध्ये, बुर्गुल रामकृष्ण राव यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले.

सातव्या घटनादुरुस्तीने राजप्रमुखपद आणि 'ब' वर्ग दोन्ही संपवले. १ नोव्हेंबर १९५६ ला धारूरसह मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच दुरुस्तीतल्या कलम ३७१ मध्ये मराठवाड्यासाठी स्वतंत्र विकास मंडळाची तरतूद होती. प्रत्यक्ष मंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले.