मृत्तिका-प्रबलित प्लॅस्टिके

नायलॉन, पॉलिप्रोपिलीन यांसारख्या बहुवारिकांत (अनेक लहान रेणू जोडून बनलेल्या प्रचंड रेणूंच्या पदार्थांत) स्तरित मृद्‌खनिजांचे अतिसूक्ष्म पापुद्रे विखरून बनविलेली संमिश्रे. साच्यातून काढलेले मोटारगाडीचे हलके पण ताठ भाग हा त्यांचा पहिला महत्त्वाचा उपयोग होय.

यासाठी मुख्यतः माँटमोरिलोनाइट हे खनिज वापरतात. दख्खनच्या काळ्या जमिनीतही याच गटातील खनिजे विपुल असतात. लोणी देवकर ज्या इंदापूर तालुक्यात (जि. पुणे) आहे, तेथील भीमाकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, कारण या खनिजाच्या स्तरांमध्ये पाणी शिरते आणि पुढे निघून जाते. पाण्याच्या जागी बहुवारिक शिरविणे, ही या संमिश्रांमागील मूळ कल्पना होय. मात्र त्यासाठी शेतातील माती चालत नाही. शुद्ध केलेली मृत्तिकाच लागते.

ही कल्पना जपानमधील टोयोटा समूहाच्या मध्यवर्ती संशोधनशाळेत १९८० नंतरच्या दशकात प्रत्यक्षात आली. अकाने ओकादा, अरिमित्सु उसुकी व त्यांचे सहकारी यांनी स्तरांमधील सोडियम आयनांच्या जागी कार्बनी आयन बसविले, त्यांत कॅप्रोलॅक्टम शिरविले आणि तेथेच त्याचे नायलॉन-६ बनविले. त्यामुळे सु. १ नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे सुटे झाले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांनुसार केवळ ४·२% मृत्तिकेने ताणबल ६९ वरून १०७ मेगॅपास्कालपर्यंत वाढले आणि भाराखाली वाकण्याचे तापमान ६५° से.वरून सु. १४५° से.वर गेले. नेहमीच्या शंखजिऱ्याचे प्रमाण पुष्कळदा २०% वा अधिक ठेवावे लागते. एंजिनाच्या कालनियंत्रक पट्ट्याचे आवरण हा या द्रव्याचा पहिला व्यापारी भाग होय.

जलस्नेही मृत्तिका तेलकट स्वरूपाच्या पॉलिप्रोपिलिनात सहज मिसळत नाही. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रोपिलीन दुवा म्हणून वापरले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील गिरीश गलगली, सी. रमेश व आशिष लेले यांनी २००१ मध्ये अशा वितळलेल्या मिश्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला; योग्य दुवा असल्यास अल्प प्रतिबलाखाली ती घनासारखी वागतात, असे त्यात दिसून आले. २००२ मध्ये जनरल मोटर्सने या वर्गातील द्रव्याची पायरी आपल्या व्हॅन गाड्यांना बसविली.

तथापि पापुद्रे पुरते सुटे न झाल्यास त्यांचे पुंजके राहतात व भाग ठिसूळ होतो. म्हणूनच शंखजिरे व काचतंतू मागे पडले नाहीत. येथे खनिजाच्या राशीपेक्षा त्याचे स्तर किती सुटे झाले, यावरच बळ ठरते.