चार्ल्स बियांकोनी व आयर्लंडांतील घोडगाड्यांचा आरंभ

आयर्लंडांत गांवोगांव भाड्याच्या घोडगाड्यांची नियमित वाहतूक सुरू करणारा चार्ल्स बियांकोनी हा जन्मानें इटालियन. त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं, १८७८ सालीं, त्याच्या कन्येनें त्याचें चरित्र प्रसिद्ध केलें. १८८४ सालीं सॅम्युएल स्माइल्सनें आपल्या एका ग्रंथांत त्यास एक प्रकरण दिलें. पुढील लेखकांचा भर बहुधा या दोघांवरच आहे. त्यामुळें एक समजूत रूढ झाली, ती अशी कीं, वॉटर्लूची लढाई संपून लष्करी घोडे स्वस्त झाले, म्हणून बियांकोनीच्या गाड्या निघाल्या. ही समजूत तारखांच्या कसोटीस उतरत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

बियांकोनीचा जन्म लोंबार्डींतील ट्रेगोलो या खेड्यांत २४ सप्टेंबर १७८६ रोजीं झाला. १८०२ सालीं फारोनी नांवाच्या चित्रविक्याचा उमेदवार म्हणून तो डब्लिन येथें आला, तेव्हां त्यास इंग्रजी येत नव्हतें. सोमवारीं चित्रांची पेटी पाठीवर घेऊन निघावें व शनिवारीं परत यावें, असा त्याचा क्रम असे. उमेदवारी संपल्यावर त्यानें हाच धंदा स्वतंत्रपणें केला व पुढें क्लॉनमेल येथें आरसे, चौकटी व मुलामा यांचें दुकान थाटलें. युद्धकाळांत लोकांनीं दडवून ठेविलेल्या सोन्याच्या गिन्या विकत घेण्याचा व्यवहारही त्यानें केला. नाणेसंग्राहकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आतां तारखा पाहूं. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजीं झाली. क्लॉनमेलहून केहिरकडे बियांकोनीची पहिली एकघोडी गाडी निघाली ती जुलैच्या पहिल्या आठवड्यांत. म्हणजे मध्यें पुरते तीन आठवडेही गेले नव्हते. इतक्या अवधींत फौजा मोडून घोडे आयर्लंडच्या बाजारांत उतरले, हें संभवत नाहीं. १८१४ च्या तहानें कांहीं घोडे मोकळे झाले असतील असें कोणी म्हणेल. परंतु १८१५ च्या मार्चांत नेपोलियन परतला व लष्करी तयारी पुनः सुरू झाली, हें विसरतां येत नाहीं. शिवाय पहिल्या गाडीस घोडा लागला एकच! तो मिळविण्यास युरोपांत शांतता होण्याची वाट कशास पाहावी?

खरी अडचण उतारूंची होती. आरंभीं लोक गाडींत बसेनात, तेव्हां बियांकोनीनें गुप्तपणें दुसरी गाडी आपल्याच विरुद्ध चढाओढीस लाविली व लोकांचें कुतूहल चाळविलें, अशी आख्यायिका चरित्रांत आहे. ती खरी असल्यास आमच्याच म्हणण्यास बळकटी येते. गाड्यांवरील करामुळें कित्येक कुटुंबांनीं आपल्या हलक्या गाड्या टाकून दिल्या होत्या. त्या स्वस्तांत मिळत. आणि पायीं चालणाऱ्या विक्याचा वेळ कसा फुकट जातो, हें तो स्वानुभवानें जाणत होता. आमच्या मतें आरंभाचीं कारणें हींच होत.

स्वस्त घोड्यांचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. फौजेसाठीं पैदा केलेल्या उत्तम जनावरांस पुढें गिऱ्हाईक उरलें नाहीं. तीं १० ते २० पौंडांस मिळूं लागलीं व त्यांच्या जोरावर धंदा वाढला. परंतु वाढीचें कारण हें आरंभाचें कारण मानणें ही इतिहासांतील नेहमींची चूक आहे. १८४३ सालीं कॉर्क येथें ब्रिटिश असोसिएशनपुढें त्यानें स्वतः निवेदन वाचलें. त्याप्रमाणें त्याच्या १०० गाड्या होत्या व त्या रोज ३,८०० मैल चालत. भाडें मैलास सरासरी सवा पेनी. मोठ्या चारचाकी गाडींत वीसपर्यंत उतारू पाठीस पाठ लावून रस्त्याकडे तोंड करून बसत. रविवारीं बहुतेक गाड्या बंद असत. घोडा सात दिवस रोज सहा मैल चालविण्यापेक्षां सहा दिवस रोज आठ मैल चालविणें बरें, असा त्याचा अनुभव होता. हा हिशेब आम्हांस त्याच्या सर्व आंकड्यांहून अधिक बोलका वाटतो.

१८३१ सालीं तो ब्रिटिश प्रजाजन झाला. पुढें क्लॉनमेलचा दोनदां मेयर झाला. आगगाडी आल्यावर तो तिच्याशीं झगडला नाहीं. त्यानें रेल्वेचे भाग घेतले व आपल्या गाड्या स्टेशनांपासून आडगांवांकडे वळविल्या. वृद्धापकाळीं त्यानें हा व्यवसाय बव्हंशीं आपल्याच नोकरांस सोपविला. २२ सप्टेंबर १८७५ रोजीं कॅशेलजवळील लाँगफील्ड येथील आपल्या घरीं तो मरण पावला.